कारखाना सोडून वर्गात गेलेला झिपेरनॉव्स्की: वर चढला की खाली उतरला?

खडूफळा

मी तंत्रनिकेतनात विद्युत यंत्रं शिकवतो. ट्रान्सफॉर्मरचा पाठ सुरू झाला की पहिल्या पानावर तीन अक्षरं येतात, झेडबीडी. झिपेरनॉव्स्की, ब्लाती, देरी, ट्रान्सफॉर्मरला आजचं रूप देणारे तीन हंगेरियन अभियंते. मुलं वहीत उतरवतात आणि पुढच्या आकृतीकडे वळतात. मीही बरीच वर्षं तसाच पुढे जायचो.

यातला पहिला, कारोय झिपेरनॉव्स्की. १८५३ साली व्हिएन्नात जन्मला, शिकला बुडापेस्टात. १८७८ मध्ये, अजून विद्यार्थीच होता, तेव्हा गांझ कारखान्याचा प्रमुख आंद्राश मेखवार्ट याने त्याला बोलावून विजेचा विभाग उभा करायला सांगितलं. गांझ म्हणजे तोवर ओतीव लोखंड, रेल्वेची चाकं आणि पिठाच्या गिरण्यांचे रोलर करणारी कंपनी. तिथे या पोराने पाच वर्षांत बुडापेस्टच्या राष्ट्रीय नाट्यगृहात विजेचे दिवे लावले. १८८५ च्या बुडापेस्ट प्रदर्शनात ७५ ट्रान्सफॉर्मरवर हजाराच्या वर दिवे पेटवून दाखवले. पुढच्याच वर्षी रोमच्या चेर्की वीजकेंद्राचं काम झालं.

आणि १८९३ मध्ये, ऐन चाळिशीत, हा माणूस कारखाना सोडून बुडापेस्टच्या योझेफ तंत्र विद्यापीठात प्राध्यापक झाला. १९२४ पर्यंत तिथेच. कारखान्यात १५ वर्षं आणि वर्गात ३१!

आमच्या स्टाफरूममध्ये हा हिशेब सांगितला तर एक सहकारी म्हणाले, "दमला असेल, खुर्ची बघून बसला." मला हे पटत नाही. माझ्या मते त्याच्या कामाचा तो पुढचा टप्पा होता. पण मी स्वतः मास्तर असल्यामुळे माझं मत पक्षपाती धरलं जातं. तेव्हा कारखान्यातल्या मंडळींनी सांगावं. इतकं चाललेलं काम सोडून कोणी शिकवायला जातो तेव्हा ते काय असतं?

शेंगदाणा

पगार किती होता ते आधी सांगा. बाकी चर्चा नंतर.

उपकेंद्र

सर, धागा छान आहे, पण तुम्ही तिघांतला चुकीचा माणूस उचललात. खरा गडी ओत्तो ब्लाती.

तो १८८३ मध्ये गांझमध्ये आला आणि १९३९ मध्ये मरेपर्यंत तिथलाच राहिला. शंभराच्या वर पेटंटं. बंद गाभ्याची कल्पना त्याची. चुंबकीय मंडलाचं गणित कामगाराला वापरता येईल अशा रूपात त्याने बसवलं. १८८९ मध्ये प्रत्यावर्ती विजेचा मीटर केला. घरोघरी फिरती चकती असलेला जो काळा मीटर असायचा ना, त्याचा खापरपणजोबा. हे सगळं वर्गात बसून होतं का? रोजच्या अडचणीतून होतं. आज अमुक गिऱ्हाइकाचं बिल कसं काढायचं, उद्या तमुक जनित्र दुसऱ्याशी समांतर कसं जोडायचं.

झिपेरनॉव्स्की १८९३ नंतर राहिला असता तर आणखी काय काय झालं असतं, याचा विचार करा. मी अति उच्चदाब उपकेंद्रात नोकरी करतो. आमच्याकडे जो जाणता माणूस प्रशिक्षण केंद्रावर जातो तो आमच्या दृष्टीने गेलाच. तिथून परत येताना पॉवरपॉइंट घेऊन येतो.

सावनी

मी मराठी वाङ्मयाची विद्यार्थिनी, त्यामुळे हसू नका. या तिघांनी नक्की केलं काय? ट्रान्सफॉर्मर तर त्यांच्या आधीही होता असं कुठेतरी वाचलंय.

उपकेंद्र

@सावनी, बरोबर वाचलंयत. लंडनमध्ये गोलार आणि गिब्ज या जोडीचं उपकरण आधीच फिरत होतं. त्यात दोन खोड्या होत्या.

पहिली: लोखंडाचा गाभा दोन्ही टोकांना उघडा. चुंबकीय प्रवाहाला परतीचा रस्ता हवेतून काढावा लागे, आणि हवा त्याला फार अडवते. १८८४ मध्ये तोरिनोच्या प्रदर्शनात ब्लातीने ते उपकरण पाहिलं. गाभा बंद का करत नाही, असं त्याने तिथेच विचारल्याचं सांगतात. परत येऊन यांनी लोखंडी तारांचं बंद कडं केलं आणि त्याभोवती तांबं गुंडाळलं. दुसऱ्या नमुन्यात उलट, आत तांबं आणि बाहेरून लोखंडाची तार. कार्यक्षमता उघड्या गाभ्याच्या ३.४ पट भरली.

दुसरी खोडी जास्त त्रासाची. गोलारची उपकरणं एकामागोमाग एक, एकसरीत जोडलेली असायची. दिवाळीची जुनी माळ आठवा, एक दिवा गेला की पुढचं सगळं बिघडायचं. शेजाऱ्याने दिवा मालवला की तुमच्या दिव्याचा दाब बदलणार. असं वीजवितरण चालेल का? झिपेरनॉव्स्कीने सुचवलं की सगळी उपकरणं समांतर जोडा, दाब कायम ठेवा आणि ज्याला जेवढा प्रवाह हवा तेवढा घेऊ दे. देरीने प्रयोग केले. पहिला ट्रान्सफॉर्मर १६ सप्टेंबर १८८४ ला कारखान्याबाहेर पडला: १४०० वॅट, १२० व्होल्टचे ७२ व्होल्ट.

तुमच्या घरचा पंखा लावल्यावर शेजारच्यांचा दिवा विझत नाही, त्याचं श्रेय समांतर जोडणीला.

निवृत्त ओव्हरसिअर

> तुमच्या घरचा पंखा लावल्यावर शेजारच्यांचा दिवा विझत नाही

उपकेंद्र साहेब, तुम्ही शहरात नोकरी केलीत वाटतं. आमच्या भागात रब्बीला एका डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, मंजूर पंप किती आणि प्रत्यक्षात आकडे किती याचा हिशेब लावला की शेजाऱ्याचा दिवाच काय, पंपाची वाइंडिंगसुद्धा जाते. तिथे झिपेरनॉव्स्की आला असता तर त्यानेही कपाळाला हात लावला असता. डीपी जळाली की गावकरी वर्गणी काढून ट्रॅक्टरवर घालून आणायचे, आम्ही आतलं तेल बघायचो, आणि तेल गायब. ते कुठे जायचं ते विचारू नका.

मूळ प्रश्नावर नंतर लिहितो. नातीला शाळेतून आणायचंय.

बुडापेस्टकर

नोकरीनिमित्त इथे राहतो, म्हणून दोन गोष्टी.

एक, काझिन्त्सी नावाच्या गल्लीत एका जुन्या उपकेंद्राच्या इमारतीत विद्युत संग्रहालय थाटलं होतं. मी गेलो तेव्हा आत जनित्रं, स्विच, मीटर अशी सगळी मांडणी आणि मी सोडून चिटपाखरू नाही. त्याच गल्लीत बुडापेस्टातला सगळ्यात प्रसिद्ध पडक्या वाड्यातला बार आहे. तिथे मात्र उभं राहायला जागा नव्हती. जगभरचे पर्यटक ट्रान्सफॉर्मरच्या दारावरून बिअरकडे जातात.

दोन, उपकेंद्र यांचा लाडका ब्लाती ज्या गावात जन्मला त्या गावाचं नाव टाटा.

शेंगदाणा

म्हणजे विजेचा मीटरपण टाटांचाच. मुंबईकरांनो, बिलाबद्दल तक्रार करायची सोय राहिली नाही.

चकवा

ब्लाती बुद्धिबळाची कोडी रचायचा हेही सांगा कोणीतरी. साधीसुधी नाहीत, शेकडो चालींत मात करायची अगडबंब कोडी. त्या छंदाच्या जगात त्याचं नाव आहे, आणि तिथल्या अनेकांना तो विजेचं काय करायचा याचा पत्ताही नसतो.

वाफेचं इंजिन

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८९१ मध्ये याच झिपेरनॉव्स्कीने व्हिएन्ना ते बुडापेस्ट विजेच्या रेल्वेचा प्रस्ताव मांडला होता. वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर! १८९१! आपल्याकडे तेव्हा घाटात बैल लागायचे.

रेल्वे अर्थातच झाली नाही. आणि दोन वर्षांत साहेब मास्तर झाले. मला तर संशय आहे की तेव्हाच्या कुठल्या तरी समितीने फाइलवर 'चर्चा करावी' असा शेरा मारला आणि हा वैतागून निघून गेला. (माझी कल्पनाशक्ती. कोणी पुरावा मागू नये.)

कडूलिंब

सगळे इतके भारावलेत म्हणून उलट बाजू मांडतो.

आमच्या कॉलेजात एक सर मोठ्या कारखान्यात वीस वर्षं काढून आले होते. आल्या दिवशी आम्ही खूष, आता खरं काहीतरी ऐकायला मिळणार. पहिला तास झाला आणि कळलं की त्यांना सगळं येतं, पण आम्हाला काय येत नाही ते त्यांना कळत नाही. "हे तर सरळ आहे" म्हणून तीन पायऱ्या गाळून पुढे जायचे. कंटाळून शेवटी तेही नोट्स सांगायला लागले आणि आम्ही उतरवायला. कारखान्यातला अनुभव आणि शिकवण्याची हातोटी यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे माझं ठाम मत. शिकवणं हा वेगळा धंदा आहे.

खडूफळा

@कडूलिंब, अर्धं मान्य. शिकवणं वेगळा धंदा आहे, त्यात वाद नाही. पण तुमच्या त्या सरांना आठवड्याला किती तास होते आणि मूल्यांकनाच्या किती फाइली भराव्या लागत होत्या? आमच्याकडे नवीन माणसाला पहिल्या महिन्यात प्रयोगशाळा दाखवत नाहीत, आधी फायलींचं कपाट दाखवतात. हजेरी, उद्दिष्टं, त्या उद्दिष्टांचा नकाशा, नकाशाचा पुरावा. कारखान्यातून आलेला माणूस तिथे सहा महिन्यांत सरळ होतो, म्हणजे आमच्यासारखा होतो.

@उपकेंद्र, पॉवरपॉइंटचा टोमणा पोचला.

अदिती_बंगळूर

झिपेरनॉव्स्कीपेक्षा त्याच्या आसपास काय घडलं ते मला जास्त रंजक वाटतं. गांझमधून वर्गात गेलेला तो एकटा नव्हता.

दोनात बांकी. हाही गांझचाच अभियंता. यानोश चोंका नावाच्या मित्राबरोबर १८९३ मध्ये कार्ब्युरेटरचं पेटंट घेतलं. १८९९ मध्ये तोही त्याच तंत्र विद्यापीठात प्राध्यापक झाला. डोंगरातल्या लहान ओढ्यांवर जी साधी, वेल्डिंगवाल्याला करता येईल अशी पाणचक्की बसवतात ना, पात्यांमधून पाणी दोनदा आरपार जाणारी, ती बांकीच्या नावाने ओळखली जाते. ऑस्ट्रेलियाच्या मिशेलने तीच गोष्ट आधी स्वतंत्रपणे काढली होती, म्हणून दोघांचं नाव जोडून घेतात. बांकीचं हे काम प्राध्यापक झाल्यावरचं, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीचं. तेव्हा @उपकेंद्र, वर्गात गेला की माणूस संपला, हे इथे तरी लागू होत नाही.

आणि चोंकाकडे कुठल्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. तरी वयाच्या पंचविशीत त्याला तंत्र विद्यापीठाच्या कार्यशाळेचा प्रमुख केलं होतं. आज कुठल्या नियमात बसेल हे?

पुढची कडी. १९०२ मध्ये त्याच विद्यापीठातून एक मुलगा अभियंता होऊन बाहेर पडला, थिओडोर फॉन कार्मान. लष्करी सेवा संपवून तो बांकीचा सहायक झाला. १९०६ मध्ये जर्मनीत ग्योटिंगेनला, वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटलकडे गेला. तिथे खांबामागे वाहत्या हवेत उजवी-डावी सुटत जाणाऱ्या भोवऱ्यांची रांग गणितात बसवली. १९४० मध्ये अमेरिकेत टॅकोमाचा झुलता पूल वाऱ्याने पिळवटून पडला, त्याच्या चौकशी समितीत कार्मान होता. त्याआधी जर्मनीत आखेनला प्राध्यापक असताना त्याच्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी 'काळा सैतान' नावाचं ग्लायडर स्वतः बांधलं आणि १९२० ची ऱ्होनची स्पर्धा मारली. १९३० पासून तो अमेरिकेत कॅलटेकला (कॅलिफोर्नियाची तंत्रसंस्था). तिथे त्याच्या हाताखाली रॉकेटचे उद्योग करणाऱ्या पोरांच्या टोळक्यातून जेपीएल ही अवकाशयानं बनवणारी प्रयोगशाळा उभी राहिली.

कार्मानचे वडील मोर हेही शिक्षणशास्त्रज्ञ, बुडापेस्टच्या प्रसिद्ध 'मिंता' शाळेचे संस्थापक. म्हणजे मास्तरकी त्याला घरातूनच मिळाली होती.

बापू गडहिंग्लज

प्रांटलचं नाव निघालं म्हणून हजेरी लावतो. आमच्या तालुक्यातल्या हसूरचंपूचे विष्णू माधव घाटगे हेही प्रांटलचेच विद्यार्थी. १९३० च्या दशकात ग्योटिंगेनला जाऊन डॉक्टरेट केली. परत येऊन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला तेव्हा शिकवायला तेच होते, आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ हे प्रशिक्षण विमानही त्यांच्याच हातचं. म्हणजे कार्मान आणि आमचे घाटगे गुरुबंधू झाले की!

आता कोणी म्हणेल, बापूंनी हंगेरीतून गडहिंग्लजला गाडी आणलीच. आणली.

अदिती_बंगळूर

बापू, आणायलाच हवी होती. शिवाय आमच्या संस्थेत ज्यांचं नाव निघाल्याशिवाय दिवस जात नाही ते सतीश धवन. त्यांनी १९५१ मध्ये कॅलटेकला लीपमनकडे डॉक्टरेट केली, आणि लीपमनला तिथे आणलं कार्माननेच.

कार्मानच्या शिष्यांतला मला सगळ्यात चटका लावणारा च्येन श्वेसन. १९३६ मध्ये कॅलटेकला आला. १९४५ मध्ये कार्मान अमेरिकी पथकाचा प्रमुख म्हणून हरलेल्या जर्मनीत गेला तेव्हा च्येन सोबत होता, आणि दोघांनी मिळून ग्योटिंगेनला प्रांटलची चौकशी केली. गुरू, शिष्य आणि शिष्याचा शिष्य एका खोलीत, आणि त्यात गुरू हरलेल्या बाजूचा. पाच वर्षांनी त्याच च्येनवर अमेरिकेने कम्युनिस्ट असल्याचा ठपका ठेवून अडकवून ठेवलं. १९५५ मध्ये चीनला धाडलं. पुढे चीनची क्षेपणास्त्रं त्याच्याच देखरेखीखाली झाली.

उपकेंद्र

सगळं मान्य, अदितीताई. पण धाग्याच्या नावात कार्मान नाही, झिपेरनॉव्स्की आहे. कार्मानला कारखाना फारसा लागलाच नाही, तो पहिल्यापासून विद्यापीठातला. आणि एवढं करून त्याने स्वतः १९४२ मध्ये एरोजेट नावाची रॉकेट कंपनीही काढली. म्हणजे मास्तरालाही शेवटी कारखाना काढावासा वाटला.

एक सरळ प्रश्न विचारतो. झिपेरनॉव्स्कीने ३१ वर्षं शिकवून घडवलेला, त्याच्याच तोडीचा एक माणूस दाखवा. ब्लातीचे मीटर मी मोजून दाखवतो.

शेंगदाणा

पगाराचं अजून कोणी बोललेलं नाही. मी वाट बघतोय.

बुडापेस्टकर

तोडीचा माणूस शोधताना हंगेरीचा इतिहास आडवा येतो.

झिपेरनॉव्स्की त्या विद्यापीठात शिकवत होता त्या काळात तिथे कोण कोण विद्यार्थी होते बघा. कार्मान तर आलाच. १९१६ मध्ये लिओ झिलार्ड अभियांत्रिकीला दाखल झाला, पुढे अणुसाखळी-प्रक्रियेची कल्पना मांडणारा. १९१८ मध्ये डेनिस गाबोर, होलोग्राफीसाठी १९७१ चं नोबेल. मी असं म्हणत नाही की यांना झिपेरनॉव्स्कीने घडवलं. पण हे सगळे त्याच आवारातले.

आणि हे सगळे गेले. १९१९ मध्ये बेला कुनचं कम्युनिस्ट सरकार काही महिने टिकलं, त्यात कार्मानकडे विद्यापीठांचं काम होतं. ते सरकार पडल्यावर तो आखेनला परतला. झिलार्ड त्याच वर्षाच्या अखेरीस बर्लिनला. १९२० मध्ये विद्यापीठातल्या ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारा कायदा आला. त्याच वर्षी गाबोरही बर्लिनला गेला. झिपेरनॉव्स्की तेव्हा सत्तरीकडे झुकलेला, आणि अजून शिकवत होता. ज्या देशाने त्याला खुर्ची दिली त्याच देशाने समोरचे बाक रिकामे केले. त्याच्या वर्गाचं फळ मोजायला बुडापेस्ट ही जागाच बरोबर नाही.

कडूलिंब

@बुडापेस्टकर, हे वाचून धाग्याचा सूरच बदलला. माझ्या त्या सरांबद्दलचं मत मात्र कायम.

टिंब

हंगेरीतूनच एवढे लोक कसे काय, यावर वेगळा धागा काढा. इथे सुरू केलंत तर 'पाणी', 'भाषा', 'रक्त' असे प्रतिसाद येतील आणि संपादक कुलूप घालतील.

निवृत्त ओव्हरसिअर

नात झोपली. आता मूळ प्रश्न.

सर विचारतायत, चढला की उतरला. मला वाटतं हा प्रश्न १८७८ पासून बघायला हवा, १८९३ पासून नाही. मेखवार्टला विजेचा विभाग काढायचा होता, तेव्हा त्याने कोणाला बोलावलं? एका विद्यार्थ्याला! का? दुसरं कोणी नव्हतंच. पुढे त्या विभागात कोण आले तेही बघा. ब्लाती यंत्र अभियंता. देरी त्याआधी डॅन्यूब आणि तिसा नद्यांच्या पात्राची कामं करत होता. म्हणजे पाटबंधारे खात्यातला माणूस विजेत! या तिघांनी ट्रान्सफॉर्मर केला तेव्हा त्यांच्यापैकी एकानेही विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतलेली नव्हती, कारण तो विषयच धड उभा नव्हता.

आता १८९३ ला या. रोम, लुसर्न अशी केंद्रं बांधून झालेली. १८९२ मध्ये तिवोलीच्या धबधब्यावरून रोमपर्यंत वीज नेऊन झालेली. गावोगाव मागणी. प्रत्येक केंद्राला माणूस लागतो, रात्री दोनला स्विच कुठला ओढायचा ते जाणणारा. मी स्वतः हे भोगलंय. आमच्या खात्यात एका झटक्यात उपकेंद्रं उभी राहिली आणि ती चालवायला माणसं नव्हती. यंत्र बाहेरून विकत आणता आलं, चालवणारा नाही. तेव्हा ज्या थोड्या जाणत्यांनी संध्याकाळी पोरांना शिकवलं, त्यांच्या जोरावर आम्ही दिवस काढले. त्यांच्या नावावर पेटंट नाही की काही नाही.

झिपेरनॉव्स्की सगळ्यात आधी या टंचाईत सापडला होता, कारण विभाग त्याला उभा करायचा होता. पंधरा वर्षं इकडून तिकडून माणसं गोळा करून, स्वतः शिकवून कामाला लावली. मग जिथे माणसं तयार होतात तिथेच जाऊन बसला. ब्लातीसारखा एक हुशार सापडणं हे नशीब. सगळ्या देशाची वीज नशिबावर कशी चालवणार?

@उपकेंद्र, तोडीचा माणूस मागताय. मला तो हिशेबच मान्य नाही. मला त्याच्या हाताखालून गेलेले साधे अभियंते हवेत, ज्यांची नावं कोणालाच माहीत नाहीत.

सावनी

ओव्हरसिअर काका, दंडवत. मला पहिल्यांदाच या धाग्यातलं सगळं कळलं.

उपकेंद्र

काका, तुमच्याशी वाद घालणार नाही, तुमच्या बॅचच्या लोकांनीच आम्हाला शिकवलंय. पण मत बदललेलं नाही. अशी दोन माणसं असतील तर एकाने जावं आणि एकाने राहावं. हंगेरीत तसंच झालं म्हणून निभावलं. नुसते झिपेरनॉव्स्की असते तर उत्तम पुस्तकं झाली असती आणि मीटर झाला नसता. नुसते ब्लाती असते तर...

असो. नुसते ब्लाती असते तर मला चाललं असतं.

वाफेचं इंजिन

त्या काळातली एक गंमत राहिली. झेडबीडीच्या अमेरिकेतल्या हक्कांवर एडिसनच्या कंपनीने राखीव करार करून ठेवला होता, पण ती स्वतः एकदिश विजेच्या बाजूची, त्यामुळे वापरलाच नाही. एडिसनचा प्रतिस्पर्धी वेस्टिंगहाउस याने गोलार-गिब्जचे हक्क घेतले होते; हा दरवाजा बंद म्हणून त्याने स्टॅनली या अभियंत्याकडून वेगळी रचना करून घेतली. १८८६ मध्ये ग्रेट बॅरिंग्टन गावात दिवे लागले. म्हणजे अमेरिकी पुस्तकांत स्टॅनलीचा फोटो मोठा आणि हंगेरीची तीन अक्षरं कोपऱ्यात, याला थोडा हातभार एडिसनच्या कपाटाचाही आहे.

खडूफळा

ओव्हरसिअर काका, पाटबंधाऱ्यातला देरी उद्या वर्गात सांगणार आहे. पोरांना नेहमी वाटतं की शाखा एकदा निवडली की जन्माची गाठ.

@शेंगदाणा, पगाराचा आकडा माझ्याकडे नाही. माझा हवा असेल तर सांगतो, पण लोकांना वाईट वाटेल.

@उपकेंद्र, एक काम होतं. फिरत्या चकतीचे जुने मीटर काढून तुमच्याकडे नवे बसवलेत ना? एखादा भंगारात पडला असेल तर वर्गासाठी हवाय. मुलांनी तो आतून पाहिलेलाच नाही. ब्लातीचा शिक्का मारून ठेवीन कपाटात, शब्द देतो.

उपकेंद्र

सर, ब्लातीसाठी काहीही. पण भंगाराचा लिलाव होतो, मला असा उचलून देता येत नाही. संस्थेच्या लेटरहेडवर कार्यकारी अभियंत्यांच्या नावे अर्ज करा, 'शैक्षणिक प्रयोजनार्थ' असं स्पष्ट लिहा, जावक क्रमांक टाका. मी पाठपुरावा करतो. चकतीबरोबर चुंबक असलेला बघून ठेवतो, नाहीतर लोक चुंबक आधी काढून नेतात.

शेंगदाणा

अर्ज तीन प्रतींत. आणि चुंबक कोण नेतं ते ओव्हरसिअर काकांना विचारा, तेलाचं त्यांना माहीत होतं.

निवृत्त ओव्हरसिअर

मी निवृत्त आहे.